एकच मास्क सर्वांना पुरतो का? वेल्डिंग, रंगफवारणी आणि टाकीतील कामासाठी रेस्पिरेटरची निवड

शॉपफ्लोअर (प्रश्न):

नमस्कार. धातूच्या जोडकामाच्या एका मध्यम आकाराच्या कार्यशाळेत सुरक्षेची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. येथे मुख्यतः स्टेनलेस स्टीलचे वेल्डिंग आणि ग्राइंडिंग चालते, अधूनमधून गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचेही काम येते. एका बंदिस्त बूथमध्ये दोन घटक मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेन रंगाची फवारणी होते, आणि तयार झालेल्या टाक्यांच्या आत उतरून काही वेळा दुरुस्ती व सफाई करावी लागते. या सर्व कामांसाठी सध्या एकाच प्रकारचा एन९५ मास्क दिला जातो.

रंगफवारणी करणारे कामगार सांगतात की मास्क लावूनही थिनरचा वास येतो. वेल्डर म्हणतात की दिवसाअखेर घशात खवखव होते आणि नाक साफ केले की काळे निघते. काहींनी स्वतःहून दोन मास्क एकावर एक लावायला सुरुवात केली आहे. पुरवठादाराचा सल्ला असा की एन९५ ऐवजी पी१०० घ्यावेत, म्हणजे सर्व तक्रारी मिटतील. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हेही नीट सांगता येत नाही. शिवाय आमच्याकडे दाढी ठेवणारे बरेच कामगार आहेत. त्यांच्या बाबतीत काय करावे? जाणकारांनी मूळ तत्त्वासह समजावून सांगितले तर मला व्यवस्थापनासमोर तीच मांडणी करता येईल.

स्वच्छ हवा:

तुमची शंका रास्त आहे. पुरवठादाराने एका प्रश्नाचे उत्तर तिन्ही प्रश्नांना लावले आहे. श्वसनाच्या दृष्टीने तुमच्या कार्यशाळेत तीन वेगवेगळ्या जातींचे धोके आहेत: हवेत तरंगणारे कण, हवेत रेणूरूपाने मिसळलेली वाफ किंवा वायू, आणि जिच्यात प्राणवायूच पुरेसा नाही अशी हवा. पहिल्यासाठी गाळणी लागते, दुसऱ्यासाठी रासायनिक कार्ट्रिज लागते, आणि तिसऱ्यासाठी कोणतीही गाळणी किंवा कार्ट्रिज उपयोगाची नसून बाहेरून श्वसनयोग्य हवा आणून द्यावी लागते. सगळे रेस्पिरेटर या दोन घराण्यांत मोडतात: आजूबाजूचीच हवा शुद्ध करून देणारे आणि स्वतंत्र स्रोतातून हवा पुरवणारे.

आधी कणांविषयी सांगतो. एन९५ चे कापड म्हणजे बारीक भोकांची चाळणी असा सर्वसाधारण समज असतो आणि त्यातूनच ‘वेल्डिंगच्या धुराचे कण फार बारीक असतात, ते आरपार जातात’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात तंतूंच्या जाडसर थरातून हवा वळणे घेत पुढे सरकते. मोठ्या कणांना जडत्वामुळे ती वळणे घेता येत नाहीत, म्हणून ते तंतूंवर आदळून अडकतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा भरकटतात आणि त्या भरकटण्यातच कुठल्या ना कुठल्या तंतूला चिकटतात. तंतूंवर दिलेला स्थिर विद्युतभार दोन्ही प्रकारच्या कणांना ओढून घेतो. या दोन टोकांच्या मधले कण पकडायला सर्वांत अवघड असतात, म्हणून गाळणीची चाचणी मुद्दाम ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांवर घेतली जाते. त्याहून बारीक कण सुटतात असे नाही.

अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या वर्गीकरणात ९५, ९९ आणि १०० हे आकडे चाचणीत किमान किती टक्के कण अडले ते सांगतात. १०० म्हणजे प्रत्यक्षात ९९.९७ टक्के. अक्षराचा संबंध तेलाशी आहे: एन ही गाळणी तेलकट कणांसाठी नाही, आर मर्यादित काळ तेल सहन करते, पी तेलरोधक असते. तुमच्याकडे कटिंग ऑइलचे तुषार उडणारी यंत्रे असतील तर तेथे पी वर्गाचीच गाळणी हवी. युरोपीय मानकातील एफएफपी१, एफएफपी२ आणि एफएफपी३ या मास्कच्या गाळण्या अनुक्रमे किमान ८०, ९४ आणि ९९ टक्के कण अडवतात.

आता वासाविषयी. थिनरची वाफ कणरूपात नसते. तिचे सुटे रेणू हवेच्या रेणूंबरोबरच तंतूंमधून निघून जातात, मग गाळणी ९५ ची असो की १०० ची. त्यांना धरून ठेवण्याचे काम सक्रिय कोळसा करतो. त्याच्या एका ग्रॅमच्या आतील छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात असू शकते आणि सेंद्रिय द्रावकांचे रेणू त्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. म्हणून पी१०० घेतल्याने तुमच्या रंगारी बांधवांची तक्रार तसूभरही कमी होणार नाही. फवारणीत रंगाचे थेंबही उडत असल्याने कार्ट्रिज आणि तिच्यापुढे कणगाळणी अशी जोडी किमान आवश्यक ठरते.

परंतु तुमच्या रंगफवारणीसाठी मी कार्ट्रिजवरही थांबणार नाही. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्यामुळे दमा जडतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्राही झटका आणू शकते. त्यांचा वास यायला लागतो तोपर्यंत हवेतील प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या वर गेलेले असते. त्यामुळे ‘वास आला की कार्ट्रिज संपली’ ही खूण येथे लागू पडत नाही. अशा फवारणीसाठी एअरलाइन रेस्पिरेटर, म्हणजे नळीतून स्वच्छ हवा येणारा मास्क किंवा हूड, हीच योग्य निवड आहे. सोबत हातमोजे आणि अंगभर पोशाख हवा, कारण त्वचेवर पडलेले आयसोसायनेटही संवेदनशीलता निर्माण करू शकते.

वेल्डिंगच्या बाबतीत एक हिशेब करून पाहा. प्रत्येक प्रकारच्या रेस्पिरेटरला एक नेमून दिलेला संरक्षणांक असतो. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमावलीत हवा गाळणाऱ्या अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला १०, पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला ५०, पंख्याने गाळलेली हवा पुरवणाऱ्या सैल बसणाऱ्या शिरोवेष्टनाला २५ आणि पाठीवर सिलिंडर असलेल्या धन दाबाच्या स्वयंपूर्ण श्वसनसंचाला १०,००० असा अंक आहे. अंक १० म्हणजे बाहेर जेवढे प्रदूषण आहे त्याच्या एक दशांशापेक्षा जास्त आत येऊ नये अशी अपेक्षा. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगमध्ये षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे विषारी रूप, तयार होते आणि ओशाची त्यासाठीची आठ तासांची सरासरी मर्यादा दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. समजा, तुमच्या मोजणीत ४० आले, तर किमान ८ अंकाचे संरक्षण हवे आणि अर्धा मास्क पुरेल. १०० आले, तर २० हवे, आणि अर्धा मास्क अपुरा पडेल. मोजणी केल्याशिवाय हे ठरवता येत नाही, म्हणून व्यवस्थापनाकडे पहिली मागणी हवेच्या नमुन्यांच्या चाचणीची करा.

एक गोष्ट अधोरेखित करावीशी वाटते. वरच्या हिशेबात अर्ध्या मास्कचा अंक १० धरताना गाळणी एन९५ आहे की पी१०० हे विचारलेलेच नाही, कारण त्या नियमावलीत दोन्हींना तोच अंक आहे. अर्ध्या मास्कमध्ये आत शिरणारे बहुतांश प्रदूषण गाळणीतून येत नाही, ते चेहरा आणि मास्क यांमधल्या फटीतून येते. ब्रिटनमध्ये एफएफपी२ ला १० आणि एफएफपी३ ला २० अंक देतात, म्हणजे तेथे गाळणीच्या दर्जाला थोडे अधिक श्रेय मिळते, तरीही मास्कचा अंक गाळणीच्या टक्केवारीच्या कितीतरी मागे राहतो.

दोन मास्क एकावर एक लावण्याची पद्धत आजच बंद करा. आतला मास्क बाहेरच्याला चेहऱ्यावर टेकू देत नाही, श्वास घ्यायला जोर लागतो आणि जोर वाढला की फटींतून जास्त हवा ओढली जाते.

टाकीविषयी मी लिहीत नाही. त्याबद्दल येथे माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारे सदस्य आहेत.

अग्निरेषा:

टाकीविषयी लिहितो, आणि स्पष्ट शब्दांत लिहितो. एन९५, पी१००, कोळशाची कार्ट्रिज किंवा पंख्याचा रेस्पिरेटर घालून कोणालाही न तपासलेल्या टाकीत उतरू देऊ नका. हे सर्व प्रकार आहे ती हवा गाळतात, प्राणवायू निर्माण करत नाहीत.

नेहमीच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो आणि १९.५ टक्क्यांच्या खाली गेलेली हवा ओशाच्या नियमानुसार प्राणवायूची कमतरता असलेली मानली जाते. तुमच्या कार्यशाळेत तो कमी होण्याची कारणे अगदी हाताशी आहेत. स्टेनलेस स्टीलच्या टिग वेल्डिंगमध्ये वापरला जाणारा आर्गॉन हवेपेक्षा जड असतो आणि टाकीच्या तळाशी साचून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो श्वासात गेल्यावर गुदमरल्याची जाणीवही होत नाही, कारण ती जाणीव शरीराला प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. आर्गॉनमध्ये श्वास सुरू राहतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. साध्या पोलादाची टाकी बराच काळ बंद राहिली असेल तर आतला गंजही प्राणवायू शोषून घेतो.

उतरण्यापूर्वी बाहेरूनच मीटरने तपासणी व्हावी: आधी प्राणवायू, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. तपासणी वरच्या, मधल्या आणि तळाच्या अशा तिन्ही थरांत करावी आणि माणूस आत असेपर्यंत मीटर चालू ठेवावा. पंख्याने ताजी हवा सतत आत ढकलावी. हवेऐवजी शुद्ध प्राणवायू सोडण्याचा विचार कोणी बोलून दाखवला तर तो तेथेच थांबवा, कारण प्राणवायूचे प्रमाण वाढलेल्या जागेत कपडेसुद्धा क्षणात पेटतात.

तपासणीत हवा सदोष आढळली आणि तरीही आत जाणे अटळ असेल, तर दोनच पर्याय उरतात. एक म्हणजे पाठीवर सिलिंडर असलेला धन दाबाचा श्वसनसंच, ज्याला आम्ही बीए सेट म्हणतो. दुसरा म्हणजे पूर्ण चेहऱ्याचा, दाबनियंत्रित एअरलाइन मास्क, पण त्याच्यासोबत बाहेर पडण्यापुरती हवा देणारा छोटा सिलिंडर कमरेला असलाच पाहिजे, कारण नळी अडकली, दबली किंवा तुटली तर त्या क्षणी दुसरा आधार नसतो. धन दाब म्हणजे मास्कच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राखणे. त्यामुळे कडेला फट राहिलीच तर हवा आतून बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. बीए सेटवर ३० मिनिटे लिहिलेले असले तरी जड काम करणाऱ्या माणसाची हवा त्याच्या बरीच आधी संपते. परत येण्याचा वेळ त्यातच मोजावा लागतो.

टाकीच्या तोंडाशी एक माणूस सतत उभा असावा, आतल्या व्यक्तीच्या हार्नेसला बाहेरून ओढता येईल असा दोर असावा आणि बाहेरच्याने कोणत्याही परिस्थितीत तसेच आत उडी मारू नये. बंदिस्त जागांतील मृत्यूंचा अभ्यास करताना नायॉशला असे दिसले होते की मृतांपैकी निम्म्याहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते. सहकारी डोळ्यांसमोर कोसळल्यावर हात आवरणे किती कठीण असते ते मी जाणतो, आणि म्हणूनच त्या क्षणासाठीचा सराव आधी करून घ्यावा लागतो.

अमेरिकेत गॅरेट मॉर्गन यांनी १९१४ साली पेटंट घेतलेल्या सुरक्षा-हूडला जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या नळ्या होत्या, कारण आगीत धूर वर चढतो आणि जमिनीलगतची हवा त्यामानाने बरी असते. १९१६ साली क्लीव्हलंड येथे सरोवराखालच्या बोगद्यात स्फोट झाला, तेव्हा हे हूड घालून त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी आत जाऊन माणसे बाहेर काढली. तेच साधन आर्गॉन साचलेल्या टाकीत घातले असते, तर नळीने सर्वांत घातक थरातलीच हवा ओढली असती. साधन चांगले की वाईट हे समोरच्या धोक्यावरून ठरते, आणि तुमच्या टाकीत तो धोका तळाशी आहे.

फिटपरीक्षक:

वर फटीचा उल्लेख आला आहे, त्याला जोडून लिहितो. मी रेस्पिरेटर चेहऱ्यावर नीट बसतो की नाही याच्या चाचण्या घेतो.

ज्याच्या कडा चेहऱ्याला चिकटून बसाव्या लागतात असा कोणताही मास्क देण्यापूर्वी त्या व्यक्तीची, त्याच मॉडेलवर आणि त्याच मापावर, फिट टेस्ट व्हायला हवी. सोप्या पद्धतीत डोक्यावर एक पारदर्शक टोप ठेवून आत सॅकरिनचा गोड किंवा एका अतिकडू द्रव्याचा तुषार सोडतात. मास्कशिवाय तो कामगाराला जाणवतो याची आधी खात्री करून घेतात. मग मास्क लावून तो नेहमीसारखा आणि खोल श्वास घेतो, मान डावी-उजवीकडे आणि वर-खाली करतो, मोठ्याने बोलतो, वाकतो. चव लागली की तो मास्क त्याच्यासाठी बाद. दुसऱ्या पद्धतीत यंत्राने मास्कच्या बाहेरचे आणि आतले कण मोजतात. अर्ध्या मास्कसाठी हे गुणोत्तर किमान १०० आणि पूर्ण मास्कसाठी किमान ५०० यावे लागते. नेमलेला अंक १० असताना चाचणीत १०० का मागतात, असे पुष्कळ जण विचारतात. चाचणीतली काही मिनिटे आणि घाम, धक्के, वाकणे यांनी भरलेली पूर्ण पाळी यांत फरक असतो, म्हणून तेवढे अंतर राखलेले आहे. ओशाच्या नियमानुसार ही चाचणी दरवर्षी करावी लागते, आणि वजनात मोठा बदल झाला, दात काढले किंवा चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झाली तर त्याआधीही.

चाचणी वर्षातून एकदा होते, पण मास्क रोज लावला जातो. म्हणून प्रत्येक वेळी लावल्यावर दोन छोट्या गोष्टी करायला शिकवा. रबरी मास्कमध्ये उच्छ्वासाची झडप तळहाताने झाकून हलकेच श्वास सोडावा, मास्क किंचित फुगला आणि कडेने हवा सुटली नाही तर ठीक. मग कार्ट्रिजची तोंडे झाकून हलका श्वास आत घ्यावा, मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे. कापडी एन९५ मध्ये दोन्ही हातांनी मास्क झाकून हेच करता येते. एन९५ चा वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंच भागावर आणि खालचा कानांखाली मानेवर असतो. खालचा पट्टा गळ्यात मोकळा सोडलेले कामगार तुम्हाला नक्की दिसतील, आणि तेव्हा मास्कची हनुवटीकडची कड उघडीच असते.

दाढीबाबत मतभेदाला जागा नाही. मास्कची कड जेथे टेकते तेथे केस असतील, अगदी एक-दोन दिवसांची खुंटे असली तरी, कड बसत नाही आणि गळती अनेक पटींनी वाढते. त्यावर पट्टे आवळणे हा उपाय नव्हे. मात्र दाढी ठेवणाऱ्याला कामावरून दूर करण्याचीही गरज नाही. सैल बसणारे हूड किंवा हेल्मेट असलेला पंख्याचा रेस्पिरेटर चेहऱ्यावर घट्ट बसण्यावर अवलंबून नसतो. कमरेचा पंखा गाळलेली हवा सतत वरून सोडत राहतो आणि ती हनुवटीखालून बाहेर पडते. वेल्डरसाठी तर काळ्या काचेचे हेल्मेट आणि असा पंखा एकत्र मिळतात. त्यांना फिट टेस्टही लागत नाही, आणि अंक २५ असल्याने तुमच्या बऱ्याच वेल्डरांसाठी, दाढी असो वा नसो, हाच पर्याय मला अधिक योग्य वाटतो.

त्याचे आणखी एक कारण आहे. माणूस मास्क किती वेळ काढून ठेवतो, यावर संरक्षण फार झपाट्याने घसरते. आठ तासांच्या पाळीत बाहेरचे प्रदूषण १०० एकक धरा. अंक १० चा मास्क पूर्ण वेळ लावला तर सरासरी १० एकक श्वासात जातात. तोच मास्क केवळ ४८ मिनिटे, म्हणजे दहा टक्के वेळ, त्याच हवेत काढून ठेवला तर सरासरी १९ होते. १,००० अंकाचा उत्तम रेस्पिरेटर असला आणि तोही ४८ मिनिटे काढला, तर सरासरी १० च्या थोडी वर जाते, म्हणजे त्याचे हजारपट संरक्षण दहापटीच्याही किंचित खाली येते. घाम येतो, बोललेले ऐकू जात नाही, काच धुरकट होते म्हणून माणसे मास्क काढतात. त्यांना दरडावून फारसे साधत नाही. सोसवेल असे साधन देणे हे संरक्षणाच्या हिशेबातच धरावे लागते.

वायुवीजन:

वरचे सर्व प्रतिसाद योग्य आहेत, पण क्रम उलटा होऊ नये म्हणून लिहितो. वेल्डिंगच्या ज्वाळेपासून वीतभर अंतरावर लवचीक नळीचे शोषण-तोंड ठेवले, तर धूर वेल्डरच्या नाकापर्यंत पोहोचण्याआधीच ओढला जातो. ग्राइंडरला शोषण जोडता येते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा जस्ताचा थर जोडाच्या दोन्ही बाजूंनी आधी घासून काढला, तर जस्ताच्या धुराने येणारा ताप बऱ्याच अंशी टळतो. हवेतील धूर कमी झाला की वर ‘स्वच्छ हवा’ यांनी मांडलेल्या हिशेबातला १०० चा आकडा ४० वर येऊ शकतो, आणि मग साधा अर्धा मास्कही पुरतो.

१९३० आणि १९३१ साली अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट बोगद्यात सिलिकायुक्त खडक पाण्याविना कोरडाच फोडला गेला. वायुवीजन अपुरे होते आणि कामगारांकडे श्वसनसंरक्षण नव्हते. सिलिकोसिसने, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसांच्या रोगाने, शेकडो माणसे गेली. खडकावर पाणी सोडून धूळ दाबण्याचे तंत्र त्या काळी माहीत होते. मास्कच्या खरेदीचा प्रस्ताव व्यवस्थापनाकडे नेताना शोषणयंत्रणेचा प्रस्ताव त्याच कागदावर, आणि त्याच्या वरच्या ओळीत, असावा.

शॉपफ्लोअर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. न तपासलेल्या टाकीत उतरणे आजपासून थांबवले आहे आणि हवेच्या नमुन्यांच्या चाचणीची मागणी लेखी दिली आहे.

दोन शंका उरतात. ज्या जागी हार्डनर किंवा हार्डनर मिसळलेला रंग अजिबात येत नाही, फक्त द्रावक हाताळले जातात, तेथे कोळशाच्या कार्ट्रिजचा अर्धा मास्क देण्याचा विचार आहे. ती कार्ट्रिज कधी बदलावी आणि पाळी संपल्यावर कशी ठेवावी? दुसरे असे की, रंगफवारणीच्या एअरलाइनसाठी कार्यशाळेच्या कंप्रेसरचीच हवा वापरली तर चालेल का?

स्वच्छ हवा:

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण तेथे जिवाचा प्रश्न आहे. हत्यारांसाठीचा कंप्रेसर जसा आहे तसा जोडू नका. तेलावर चालणारा कंप्रेसर फार तापला तर त्याच्या तेलातूनच कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, आणि हवा ओढण्याचे तोंड एखाद्या इंजिनाच्या धुराजवळ असेल तर तो धूर थेट मास्कमध्ये जातो. सक्रिय कोळसा कार्बन मोनॉक्साइडला अडवत नाही, त्यामुळे लाइनमध्ये कोळशाची गाळणी बसवली म्हणजे झाले असेही नाही. श्वसनासाठीच्या हवेत प्राणवायू १९.५ ते २३.५ टक्क्यांदरम्यान आणि कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत १० भागांपेक्षा कमी असावा, असा दंडक अमेरिकेत पाळला जातो. त्यासाठी स्वतंत्र, शक्यतो तेलविरहित कंप्रेसर, गाळण्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर देणारे यंत्र घ्यावे. श्वसनहवेच्या नळीचे कपलिंग तुमच्या आर्गॉनच्या किंवा इतर कोणत्याही वायूच्या लाइनला बसूच शकणार नाही असे वेगळ्या घडणीचे असले पाहिजे. घाईत चुकीच्या ठिकाणी जोडलेली नळी कोणाच्याही लक्षात येत नाही.

आता कार्ट्रिज. कोळसा हळूहळू भरत जातो आणि एका क्षणी वाफ पलीकडे फुटू लागते. तो क्षण मुख्यतः या गोष्टींवर ठरतो: द्रावक कोणता आहे, हवेतील वाफेचे प्रमाण, श्वासाचा वेग, तापमान आणि आर्द्रता. ओशाने ढोबळ अंदाजासाठी दिलेले काही आडाखे असे आहेत. द्रावकाचा उत्कलनबिंदू ७० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त आणि हवेतील प्रमाण दहा लाखांत २०० भागांपेक्षा कमी असेल, तर साधारण श्रमाच्या कामात कार्ट्रिज आठ तास टिकेल असे धरता येते. प्रमाण दहापट कमी झाले तर आयुष्य सुमारे पाचपट वाढते. श्रम वाढून श्वासाचा वेग दुप्पट झाला तर आयुष्य निम्मे होते. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली तरीही ते निम्मे धरावे, कारण पाण्याची वाफ कोळशातली जागा अडवते. हे अंदाज आहेत. तुमच्या द्रावकाचे नाव आणि मोजलेले प्रमाण देऊन उत्पादकाकडून लेखी आयुष्यमान मागवा आणि त्यावरून बदलाचे वेळापत्रक ठरवा. वास हा केवळ वेळापत्रक चुकल्याचा इशारा समजावा. वास आला तर त्या व्यक्तीने लगेच ती जागा सोडून बाहेर यावे.

ॲसिटोनसारखा सहज उडणारा द्रावक असेल तर अधिक सावध राहा. त्याचे रेणू कोळशाला सैल चिकटतात आणि मास्क रात्रभर नुसता ठेवला असतानाही आतल्या आत पुढच्या थरांकडे सरकत राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्क लावणाऱ्याच्या पहिल्याच श्वासात आदल्या दिवशीचा द्रावक येऊ शकतो. अशा ठिकाणी कार्ट्रिज एका पाळीनंतर टाकून द्यावी.

खरेदी करताना रंगपट्टीवर विसंबू नका, लेबलवरील मजकूर वाचा. अमेरिकी पद्धतीत सेंद्रिय वाफेचा रंग काळा आणि युरोपीय पद्धतीत तपकिरी असतो. पिवळा तर दोन्हींकडे वेगळा अर्थ सांगतो: अमेरिकेत सेंद्रिय वाफ व आम्लवायू एकत्र, युरोपात सल्फर डायऑक्साइडसारखे आम्लवायू.

ठेवण्याविषयी: मास्क खिळ्याला अडकवून खोलीत ठेवला की कोळसा खोलीतली वाफ दिवसरात्र शोषत राहतो. तो हवाबंद पिशवीत, रंगखोलीबाहेर, उन्हापासून दूर आणि कडा दबणार नाहीत असा ठेवावा. रबरी भाग कार्ट्रिज काढून कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावेत. उच्छ्वासाच्या झडपेखाली रंगाचा कण अडकला आहे का, ते प्रत्येक वेळी पाहावे, कारण तेवढ्याने झडप उघडी राहते. कणगाळणीला मात्र पाणी, अल्कोहोल किंवा संपीडित हवा लावू नका, कारण अल्कोहोलने तंतूंवरचा विद्युतभार नाहीसा होतो आणि हवेच्या झोताने तंतू फाटतात. तिच्यातून श्वास घेणे जड वाटू लागले, ती भिजली किंवा फाटली की ती बदलायची. कार्ट्रिज उघडल्याची तारीख आणि वेळ तिच्या पत्र्यावरच मार्करने लिहा. पाळी बदलताना हातात येणारा मास्क किती तास वापरलेला आहे, हे पुढच्या कामगाराला विचारावे लागू नये.